मिल्टन ऑलिव्हला पदकातून सोडवा

मिल्टन ऑलिव्ह हे नाव आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. काळा पोरगा. शिकागोचा. २२ ऑक्टोबर १९६५ ला दक्षिण व्हिएतनाममध्ये फू कुआँगजवळच्या रानात मेला. एकोणीस पुरी व्हायला सोळा दिवस राहिले होते. तो आणि पलटणीतले चौघे झाडीतून पुढं सरकत होते, व्हिएतकाँगचा पाठलाग चालू होता. मध्येच एक हातबॉम्ब येऊन पडला. मिल्टननं तो उचलला, पोटाशी धरला आणि त्याच्यावर पालथा पडला. चौघे वाचले. त्या चौघांत टेक्सासचा गोरा लेफ्टनंट होता.

पुढचं तुम्ही न सांगता ओळखाल. असा मेलेला काळा पोरगा म्हणजे सरकारला पर्वणीच. २१ एप्रिल १९६६ ला अध्यक्ष जॉन्सननं व्हाईट हाऊसमध्ये त्याच्या बापाच्या आणि सावत्र आईच्या हाती मेडल ऑफ ऑनर ठेवलं. अमेरिकेत सैनिकाला यापरतं मोठं पदक नाही. व्हिएतनामच्या लढाईत ते मिळालेला हा पहिला काळा. शिकागोत सरोवराच्या काठाला त्याच्या नावाची बाग झाली. पुढं एका कॉलेजला त्याचं आणि त्याच्यासारख्याच मेलेल्या दुसऱ्या पोराचं नाव जोडून दिलं. फोटो निघाले, बिगुल वाजले, फाईल बंद झाली.

हे झालं मरणाचं. मरण दहा सेकंदांचं. त्याच्या अलीकडं अठरा वर्षं आणि साडेअकरा महिने आहेत. त्यांचा हिशेब कुठल्या पदकावर कोरलाय?

दोस्तहो, मेलेल्या सैनिकाचा विषय निघाला की आपल्या पोरांत लगेच दोन तट पडतात. एक तट बोर्ड रंगवायला पळतो. आपल्या वस्तीतला जवान गेला की चौकात भला मोठा फ्लेक्स लागतो. खाली लिहिलेलं असतं की देशासाठी पहिलं रक्त आमचंच सांडलं. वाचणारानं काय समजायचं? की बघा हो मालक, आम्हीसुद्धा मरतो, आता तरी आम्हाला माणसात घ्या. हा जोहारच आहे. फक्त पूर्वी कंबरेत वाकून घालायचे, आता डिजिटल प्रिंट काढून घालतात.

दुसरा तट जास्त शिकलेला. त्याच्या खिशात पुस्तक असतं. तो म्हणतो, मेला तो भाडोत्री होता, साम्राज्यवाद्यांच्या लढाईत मेला, त्याचा कसला शोक करता? ह्या तटवाल्यांनी भरतीच्या रांगेत पहाटे चारला अनवाणी उभं राहिलेलं पोर कधी बघितलेलं नसतं. किंवा बघून विसरलेले असतात, ते जास्त वाईट.

दोघांचं एका बाबतीत एकमत आहे. मेला त्याच्या आधी तो कसा जगला, हे दोघांनाही विचारायचं नाही. एकाला त्याचं प्रेत सर्टिफिकेट म्हणून पाहिजे, दुसऱ्याला उदाहरण म्हणून. म्हणून हा मिल्टन घेतलाय. परका आहे, लांबचा आहे. त्याच्यावर बोलताना आपली भाऊबंदकी आड येणार नाही.

त्याचा जन्म ७ नोव्हेंबर १९४६ चा. तारीख ध्यानात ठेवा. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला आयझॅक वुडर्ड नावाचा काळा सार्जंट सैन्यातून सुटून, अंगावर वर्दी असताना, बसनं घरी निघाला होता. वाटेत लघवीला जायचं म्हणून बस थांबवायला सांगितली. त्यावरून ड्रायव्हरशी शब्दाला शब्द लागला. साऊथ कॅरोलिनातल्या बेट्सबर्ग गावात पोलीस प्रमुखानं त्याला बसमधून उतरवून दंडुक्यानं असा मारला की दोन्ही डोळे गेले. जर्मनी-जपानला हरवून आलेल्या फौजेतला माणूस घरी पोचायच्या आत आंधळा झाला. खटला झाला. सगळे ज्युरी गोरे. अर्ध्या तासात त्यांनी पोलीस प्रमुखाला सोडून दिला. तो दिवस ५ नोव्हेंबर १९४६. त्याच्या दोन दिवसांनंतर शिकागोत मिल्टन जन्मला. आई त्याच्या बाळंतपणातच गेली.

आणि त्याच १९४६ साली आपला बाप मुंबईहून अमेरिकेत डू बॉईस यांना पत्र लिहीत होता. काळ्यांची संघटना युनोपुढं अर्ज नेणार असं बाबासाहेबांच्या कानावर आलं होतं. त्यांना त्या अर्जाची प्रत पाहिजे होती. कारण आपलीही गत तीच, आपणही तिकडं दाद मागावी, हा विचार होता. जुलै महिन्यात डू बॉईस यांचं उत्तर आलं. १९७२ साली मुंबईत पोरांनी पँथर हे नाव उचललं तेव्हा पेपरवाले म्हणाले, ही अमेरिकेची नक्कल. नक्कल कसली. पंचवीस वर्षांपूर्वीच पत्रव्यवहार चालू होता.

मिल्टन शिकागोत वाढला, काळ्यांच्या दक्षिण बाजूच्या वस्तीत. त्याचे आजी-आजोबा मात्र दक्षिणेत, मिसिसिपी राज्यातल्या होम्स काउंटीत, लेक्सिंग्टन गावाकडं. काउंटी म्हणजे आपला तालुका-जिल्हा समजा. मिल्टन तिकडं राहायला गेला, तिथल्या शाळेत बसला. आता मिसिसिपी म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना सांगायला नको होतं. १९५५ साली शिकागोचंच एक चौदा वर्षांचं पोर, एमेट टिल, सुट्टीत तिकडं नातेवाइकांकडं गेलं होतं. गोऱ्या बाईशी उद्धटपणा केला असा बोभाटा झाला. त्याला रात्री उचलून नेलं, मारलं आणि नदीत टाकलं. मारणारे कोर्टातून हसत बाहेर आले. शिकागोच्या प्रत्येक काळ्या घरात तेव्हापासून पोर दक्षिणेत पाठवताना आयांचा जीव टांगणीला लागायचा. मिल्टन तेव्हा आठ वर्षांचा होता.

होम्स काउंटीत काळे बहुसंख्य. पण मतदार यादीत शोधून सापडायचे नाहीत. मत नोंदवायला कोर्टात जायचं, तिथं गोरा कारकून राज्याच्या घटनेतलं एखादं कलम पुढं टाकणार आणि म्हणणार, याचा अर्थ लिही. काळा प्रोफेसर असला तरी नापास. गोरा अंगठाबहाद्दर असला तरी पास. हे ऐकून तुम्हाला आपल्याकडच्या इंटरव्ह्यूची आठवण झाली असेल तर होऊ द्या. साऱ्या मिसिसिपीत मताला लायक काळ्यांपैकी शंभरात सातसुद्धा यादीवर नव्हते.

पण होम्समध्ये एक वेगळी गोष्ट होती. ती आपल्या पोरांनी नीट वाचावी. तिथं माइलस्टन नावाच्या भागात रूझवेल्टच्या राजवटीत सरकारनं जुने मळे विकत घेऊन काळ्या कुटुंबांना जमिनी मिळवून दिल्या होत्या. म्हणजे ह्या काळ्यांचा मालक कोणी नव्हता. मत नोंदवलं म्हणून कामावरून काढायला, झोपडीतून हाकलायला कोणाची सोय नव्हती. आणि पहिली फळी इथूनच उभी राहिली. एप्रिल १९६३ मध्ये ह्या शेतकऱ्यांची एक लहानशी तुकडी लेक्सिंग्टनच्या कोर्टावर नाव नोंदवायला चालत गेली. त्यांच्यात पुढं होता हार्टमन टर्नबो. मे महिन्यात त्याच्या घरावर पेटते बॉम्ब पडले. तो बंदूक घेऊन बाहेर आला आणि त्यानं हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी अटक केली कोणाला? टर्नबोला. आरोप काय? स्वतःचं घर स्वतःच जाळलं! आपल्याकडच्या कुठल्याही गावच्या पंचनाम्यात हे वाक्य खपून जाईल. जमीन हातात असली की माणूस ताठ उभा राहतो, हे दादासाहेब गायकवाडांना कोणी मिसिसिपीहून येऊन शिकवलं नव्हतं. ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला तो ह्याच अक्कलेनं.

आणि आता १९६४ चा उन्हाळा. मिल्टन सतरा वर्षांचा. मिसिसिपीत त्या उन्हाळ्यात हजारभर पोरंपोरी देशभरातून गोळा झाली होती. गावोगाव हिंडून काळ्यांची नावं मतदार यादीवर चढवायची, पोरांसाठी स्वातंत्र्यशाळा चालवायच्या, असा कार्यक्रम. त्याला म्हणत फ्रीडम समर. काम सुरू होतंय न होतंय तोच २१ जूनला त्यातले तिघे नाहीसे झाले. चॅनी, गुडमन, श्वर्नर. एक तिथलाच काळा, दोघे न्यू यॉर्कचे ज्यू. ४ ऑगस्टला एका मातीच्या बांधात पुरलेली त्यांची प्रेतं सापडली. मारणाऱ्यांच्या टोळीत शेरीफचा दुय्यम सामील होता. म्हणजे फौजदारच म्हणा.

अशा त्या उन्हाळ्यात मिल्टन ऑलिव्ह लोकांची नावं मतदार यादीवर चढवायच्या कामाला लागला. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. पगार नव्हता, वर्दी नव्हती, हातात हत्यार नव्हतं. पुढं गोऱ्यांची वस्ती, बंदुका, शेरीफ, आणि पाठीमागं आजीची हाक. साऱ्या राज्यात त्या उन्हाळ्यात सतरा हजारांच्या आसपास काळ्यांनी नाव नोंदवायचा प्रयत्न केला. घेतली गेली सोळाशेच्या आसपास. म्हणजे दहांतली नऊ माणसं कोर्टाची पायरी चढून, सगळ्या गावाच्या नजरेत येऊन, हात हलवत परत आली. परत येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार करणं, हे काम ह्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचं. ज्यानं वस्तीत काम केलंय त्याला कळेल हे किती अवघड असतं. मोर्चाला माणूस येतो. कचेरीत एकटा जायला येत नाही.

आजीला हे कळलं. घाबरली. तिनं शिकागोला बापाच्या कानावर घातलं. बापाच्या डोळ्यांपुढं एमेट टिल. त्यानं पोराला बोलावून घेतलं आणि बजावलं : शाळेत जा, नाहीतर नोकरी धर, नाहीतर सैन्यात जा. मिल्टन सैन्यात गेला.

ह्या ठिकाणी थांबा. पेपरवाले, भाषणवाले, पदकवाले इथं कधी थांबत नाहीत. एका काळ्या बापाला स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांची नावं मतदार यादीत घालणाऱ्या पोरापेक्षा सैन्यात असलेलं पोर जास्त सुरक्षित वाटलं. लढाई पेटायला लागली होती तरी. आणि बापाचं काय चुकलं? त्या वेळी मिसिसिपीच्या कच्च्या रस्त्यावर मेला असता तर मिल्टनचं नाव कुठल्या बागेला लागलं नसतं. पेपरात चार ओळी, त्याही खालच्या कोपऱ्यात. त्या बापाला दोष देण्याआधी आपल्या वस्तीतल्या बापांकडं बघा. मोर्चात जाऊ नकोस म्हणणारे आणि पोलीस भरतीचा फॉर्म आणून देणारे बाप तेच असतात.

म्हणून दुसऱ्या तटवाल्या शहाण्यांना सांगतो, भरतीच्या रांगेतल्या पोराला भाडोत्री म्हणायची घाई करू नका. आपला इतिहासही तसा सरळ नाही. कंपनी सरकारच्या फौजेत महार शिरला तो गावकीच्या नरकातून बाहेर पडायला. तिथं पगार होता, आणि पगाराहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा होती. रामजी सकपाळ हे फौजेच्या शाळेतले मुख्याध्यापक. ती शाळा नसती तर महूच्या छावणीत १८९१ साली जन्मलेलं पोर कोणत्या घरात, कोणत्या अक्षरांत वाढलं असतं, विचार करा. बंदुकीनं आपल्याला माणूसपण दिलं नाही. बंदुकीबरोबर आलेल्या पाटी-पेन्सिलीनं थोडंफार दिलं.

पण पहिल्या तटवाल्यांनो, तुम्हीही ऐका. रक्त दिलं की हक्क मिळतो, ह्या तुमच्या हिशेबाची परीक्षा इतिहासानं घेऊन झालीय. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलो. स्तंभावर बावीस महारांची नावं कोरली. आणि १८९२ च्या सुमाराला त्याच साहेबानं आपली भरती बंद केली. म्हणे लढाऊ जात नव्हे! दगडावरची नावं तिथंच होती, कोणी पुसली नव्हती. वाचायला साहेब गेला नाही. पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर १८९४ साली अर्ज लिहीत बसले, त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे अर्ज लिहीत राहिले. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला आठवण झाली, १११ वी महार पलटण उभी केली. लढाई सरली, १९२१ ला मोडून टाकली.

अगदी त्याच वर्षांत समुद्रापलीकडं काय चाललं होतं? १९१८ च्या जुलैत डू बॉईससारख्या माणसानं काळ्यांना लिहून सांगितलं की तूर्त आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवू, गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढू. काळे लढले. परत आले ते १९१९ च्या उन्हाळ्यात. शहराशहरांतून गोऱ्यांच्या झुंडी काळ्यांच्या वस्त्यांवर चालून गेल्या, वर्दीतल्या काळ्यांना मारलं. डू बॉईसची भाषा एका वर्षात बदलली. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांच्या वर काळे सैन्यात होते. मेडल ऑफ ऑनर किती जणांना? एकालाही नाही. १९९७ साली सरकारला पश्चात्ताप झाला, सात जणांना दिलं. सातांपैकी सहा मेलेले. रक्ताची पावती अशी पन्नास वर्षांनी मिळते, आणि तीसुद्धा थडग्यावर चिकटवायला.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभाशी गेले. ते काही साहेबाचे आभार मानायला नव्हते गेले. ज्यांच्यासाठी लढलो त्यांनीच दार लावून घेतलं, हे तिथं उभं राहून सांगायला गेले. १९४१ ला ते व्हाइसरॉयच्या संरक्षण समितीवर होते, त्याच साली बेळगावला महार पलटण पुन्हा उभी राहिली. ती त्यांनी हक्क म्हणून मागून घेतली. बक्षीस म्हणून नव्हे. आणि हातात घटना लिहायचं काम आलं तेव्हा त्यांनी काय केलं बघा. एकवीस वर्षांच्या प्रत्येक माणसाला मत. तू कुठल्या लढाईत होतास, किती रक्त दिलंस, कोणाच्या फौजेत होतास, असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. अस्पृश्यता नष्ट केली त्या सतराव्या कलमात शौर्याची अट नाही. भित्र्यालाही मत आहे. लंगड्यालाही आहे, म्हातारीला आहे, कधी गावाबाहेर न गेलेल्या बाईला आहे. मिल्टन ज्या कामाला लागला होता ते हेच काम होतं.

सैन्यात जाऊन तो १७३ व्या हवाई ब्रिगेडमध्ये पडला. मे १९६५ मध्ये अमेरिकेच्या पायदळाची पहिली मोठी तुकडी म्हणून व्हिएतनामात उतरवली ती हीच. त्या पहिल्या एकदोन वर्षांत मरणाऱ्या अमेरिकनांत दर पाचातला एक काळा असे, किंबहुना जास्त. लोकसंख्येत ते नवातले एक. पुढची फळी कोणाची, हे सांगायला जनरल लागत नाही. आणि समोर कोण होते? स्वतःच्या भातखाचरात लढणारी शेतकऱ्याची पोरं. त्यांनी मिल्टनच्या आजीला कधी कोर्टाच्या पायरीवरून परत पाठवलं नव्हतं. हे म्हणायला पाहिजे, नाहीतर आपण जॉन्सनच्याच रांगेत जाऊन बसू. बॉम्ब टाकणाराही कोणाचा तरी मिल्टनच असणार.

१९६५ च्या ६ ऑगस्टला मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. कारकुनाच्या परीक्षा गेल्या. मिल्टन तेव्हा व्हिएतनामात. स्वतःचं मत टाकायचं वय त्याला आलंच नाही. तेव्हा एकवीस लागत.

आता पदकाचं वर्ष बघू, १९६६. ३ जानेवारीला अलाबामातल्या टस्कीगीत सॅमी यंग नावाचा काळा पोरगा, नौदलातून नोकरी करून आलेला, एकवीस वर्षांचा, पेट्रोल पंपावर गोऱ्यांच्या संडासात जातो म्हणाला म्हणून गोळी घालून मारला. मारणारा डिसेंबरात सुटला. सॅमीच्या मरणानंतर तीन दिवसांनी विद्यार्थी समन्वय समितीनं व्हिएतनामच्या लढाईविरुद्ध पत्रक काढलं. काळ्यांच्या चळवळीतून असं उघड पत्रक काढणारे ते पहिल्यांतले. एप्रिलमध्ये मिल्टनचं पदक. मे महिन्यात अलाबामातल्याच वेटम्प्का गावचा एक काळा सैनिक व्हिएतनामात मेला. शवपेटी गावी आली. गाव म्हणालं, गोऱ्यांच्या कबरस्तानात जागा नाही. आईनं भिकाऱ्यांच्या तुकड्यात पोर पुरायला नकार दिला. शेवटी त्याला शेजारच्या जॉर्जिया राज्यात, अँडरसनव्हिलच्या सरकारी कबरस्तानात नेऊन पुरला. आणि ५ ऑगस्टला मिल्टनच्याच शिकागोत, काळ्यांना घरं भाड्यानं मिळावीत म्हणून निघालेल्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगच्या डोक्यात गोऱ्यांनी दगड घातला. एप्रिलमध्ये ज्या गावच्या पोराची आरती, ऑगस्टमध्ये त्याच गावात त्याच्या भावंडांना गोट्यांचा मारा. मिल्टन जिवंत परत आला असता आणि मार्क्वेट पार्कजवळ खोली बघायला गेला असता तर त्याच्या छातीवरचं पदक बघून कोणी दगड खाली ठेवला असता का?

अमेरिकेला शिव्या घालून झाल्या असतील तर घरी या. २५ जून २०१६ ला काश्मिरात पांपोरला सीआरपीएफच्या बसवर हल्ला झाला. आठ जवान गेले. त्यातल्या एकाचं प्रेत उत्तर प्रदेशात फिरोजाबाद जिल्ह्यातल्या त्याच्या गावी आलं. तो नट समाजाचा. घर पत्र्याचं, एका खोलीचं, सगळं कुटुंब त्याच्या पगारावर. घरच्यांनी मागितलं की गावच्या सार्वजनिक जमिनीवर त्याला अग्नी देऊ द्या, पुतळा उभारू द्या. गावातले सवर्ण आडवे आले. जमीन द्यायची नाही. तिरंग्यात गुंडाळलेलं प्रेत तिथं, आणि अधिकारी गावकऱ्यांच्या विनवण्या करताहेत. तासन्‌तास. शेवटी दहा मीटर बाय दहा मीटर जागा सोडली. वेटम्प्का आणि फिरोजाबाद, मध्ये पन्नास वर्षं आणि सात समुद्र. फरक एवढाच की तिथं पुरायचं होतं, इथं जाळायचं होतं. ह्या दहा बाय दहाचं टीव्हीवर देशभक्तीचं कंत्राट घेतलेल्यांना काही वाटल्याचं ऐकिवात नाही. आणि २०२२ पासून तर चार वर्षांच्या बोलीवर अग्निवीर भरतात, चारातल्या तिघांना परत पाठवायचं. पूर्वी पलटण मोडायला लढाई संपायची वाट तरी बघत.

मिल्टननं बॉम्ब पोटाशी घेतला तेव्हा त्याच्या मनात झेंडा होता, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. झेंडा पोटाखाली नव्हता. बाजूला चार माणसं होती. एक वर्ष आधी तो लेक्सिंग्टनकडं जीव मुठीत धरून हिंडत होता तेव्हाही बाजूला माणसंच होती. ही माणसं मरू नयेत, ती माणसं माणसात यावीत. मला ह्या दोन्हींत एकच पोर दिसतं. सरकारला दुसरंच तेवढं दिसलं, कारण त्यात गोरा लेफ्टनंट वाचला. पहिल्याचं पदक द्यायचं तर आधी शेरीफला पकडायला लागलं असतं.

तेव्हा आपलं काम काय? कोरेगावचे बावीस आपल्याला तोंडपाठ आहेत. बावीस हा आकडा तोंडपाठ आहे. त्या नावांपुढं नाक लागलेलं आहे, एवढं आपण सांगतो. पण त्यातला एखादा कुठल्या गावचा, कुठल्या वेठीला कंटाळून छावणीकडं पळाला, बायको मागं गावकी कशी निभावत होती, ह्यातलं काही राहिलं नाही. साहेबानं मरण टिपलं, जगणं टिपलं नाही. आणि आपल्याकडं तेव्हा लिहिणारा हात नव्हता. आज आहे. मग आजही आपण साहेबासारखंच मरण तेवढं का टिपतो? प्रत्येक वस्तीत एखादी आई आहे, भिंतीवर वर्दीतला फोटो आहे, फोटोला निळा नाहीतर पिवळा हार आहे. तिच्याकडं १५ ऑगस्टला श्रीफळ घेऊन जाणारे खूप झाले. तुम्ही वही घेऊन जा. तो कितवीत शाळा सुटला आणि का सुटला ते विचारा. मास्तर वर्गात त्याला कुठं बसवायचा. रजेवर आला की गावच्या पाण्यावर, पारावर, जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर कोणाशी भांडला. भरतीच्या आधी कोणत्या मोर्चात होता, आणि बापानं त्याला तिथून ओढून आणला का. पेन्शनीसाठी तिला किती खेपा घालाव्या लागल्या, कोणत्या टेबलावर कोण काय बोललं. हे सगळं लिहा. अक्षर कसंही असू द्या, भाषा घरातली असू द्या. तिला रडवू नका आणि तुम्हीही वहीवर रडू नका.

मिल्टनला नेऊन पुरलं ते शिकागोत नव्हे. मिसिसिपीत, होम्स काउंटीत, आजी-आजोबांच्या गावी. ज्या मातीत तो मतदार यादी घेऊन हिंडला तीच. त्याच्या मरणाला दोन वर्षं झाल्यावर, १९६७ च्या नोव्हेंबरात, त्या काउंटीतून रॉबर्ट क्लार्क नावाचा काळा मास्तर राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. मिसिसिपीत त्या शतकात निवडून आलेला तो पहिला काळा आमदार. त्याला मतं देणाऱ्यांत कोर्टाच्या पायरीवरून कितीतरी वेळा परत आलेली माणसं होती.